आलूबोंडा

आलूबोंडा हा उकडलेल्या बटाट्याच्या सारणाचे गोळे बेसनाच्या पिठात बुडवून तळलेला खाद्यपदार्थ आहे. मुंबई-पुण्याकडे ज्याला 'बटाटावडा' म्हणतात, त्याचेच हे विदर्भातील नाव होय. वाशीम जिल्ह्यासह वऱ्हाडात आणि नागपूर भागात हा शब्द प्रचलित आहे. तेथे आलूबोंडा चटणी, तळलेली हिरवी मिरची किंवा तिखट रस्सा यांसोबत खाल्ला जातो.

व्युत्पत्ती

'आलू' आणि 'बोंडा' या दोन शब्दांपासून हे नाव बनले आहे. संस्कृतमध्ये 'आलु' किंवा 'आलुक' म्हणजे खाण्याजोगा कंद. मराठीतील 'अळू' हा शब्दही याच मुळाशी जोडला जातो. दक्षिण अमेरिकेतील बटाटा भारतात आल्यावर उत्तर भारतात हे जुने नाव त्याला मिळाले. 'आलुबुखारा' या शब्दातील फारसी 'आलू' मात्र वेगळा असून त्याचा अर्थ एक फळ असा आहे.

'बोंडा' हे तळलेल्या गोल पदार्थाचे नाव कन्नड, तेलुगू व तमिळ या भाषांतही आढळते. मराठीत कापसाच्या फळाला 'बोंड' म्हणतात. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडात हा शब्द घरोघरी परिचित आहे. दोन्ही शब्दांत गोलाकाराचे साम्य असले, तरी केवळ त्यावरून पदार्थाचे नाव कापसाच्या बोंडावरून पडले, असे सिद्ध होत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज 'बटाटा' यावरून आला. पोर्तुगीजांनी तो कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतून घेतलेला होता व तेथे त्याचा अर्थ रताळे असा होता. पश्चिम किनाऱ्यावरील पोर्तुगीज संपर्कामुळे तो मराठी, कोकणी व गुजरातीत रुजला.

वऱ्हाडाचा इतिहास वेगळा आहे. हा प्रदेश हैदराबादच्या निजामाकडून १८५३ मध्ये ब्रिटिश प्रशासनाखाली आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. तत्कालीन वाशीम जिल्हा १९०५ मध्ये विभागून अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत विलीन करण्यात आला. हा प्रदेश १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. सध्याचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. दीर्घकाळ उर्दू व हिंदी भाषकांशी निकटचा संबंध राहिल्याने येथील मराठीत 'आलू' हा शब्द सहज वापरला जातो.

प्रादेशिक नाव म्हणून महत्त्व

'आलू' हा हिंदी शब्द असल्याने आलूबोंडा हे नाव अशुद्ध मराठी वाटू शकते. परंतु 'बटाटा' हा शब्दही परभाषेतूनच आलेला आहे. दोन्ही नावे आपापल्या प्रदेशाच्या भाषासंपर्काची साक्ष देतात. अमेरिकेतील न्यू हेवन शहरात पिझ्झाला 'अपीत्झ' म्हणतात, हे याच प्रकारचे उदाहरण होय. नेपल्सकडून आलेल्या स्थलांतरितांच्या बोलीतील 'आ' हे उपपद मूळ शब्दाला जोडले जाऊन ते नाव तयार झाले. अशा शब्दांतून लोकांच्या स्थलांतराचा व शेजाराचा इतिहास टिकून राहतो.