मरुत्सखा

मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर १८९५ मध्ये उडविल्याचे सांगितले जाणारे मानवरहित विमान. त्याचे निर्माते म्हणून शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव घेतले जाते. राइट बंधूंच्या १९०३ मधील उड्डाणाच्या आठ वर्षे आधी एका मराठी माणसाने यंत्र आकाशात चढविले, असा या कथेचा आशय असल्याने महाराष्ट्रात तिच्याविषयी विशेष आस्था आढळते. इतिहासदृष्ट्या मात्र व्यक्ती, तिचा प्रयत्न व उड्डाणाचा दावा या तीन बाबी वेगळ्या करून पाहाव्या लागतात.

तळपदे (जन्म १८६४) हे मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातील संस्कृतज्ञ. स्वामी दयानंद सरस्वती यांच्या वेदविषयक लेखनाचा त्यांच्यावर प्रभाव होता. वैदिक वाङ्मयात विमानविद्येची सूत्रे आहेत, या धारणेतून त्यांनी हा विषय हाती घेतला व प्राचीन विमानकलेवर मराठीत लेखनही केले.

प्रचलित कथेनुसार मरुत्सखा सु. १,५०० फूट उंच जाऊन खाली आले, न्या. महादेव गोविंद रानडे व महाराज सयाजीराव गायकवाड या प्रसंगी उपस्थित होते; पुढे यंत्राचे अवशेष रॅली ब्रदर्स या व्यापारी पेढीस विकण्यात आले. हे तपशील मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लेखनातून रूढ झाले. उड्डाणाचा सर्वमान्य असा समकालीन पुरावा, यंत्राचा आराखडा वा छायाचित्र उपलब्ध नाही.

त्या काळी छोट्या मानवरहित यंत्राचे उड्डाण अशक्यप्राय होते, असे नव्हे. अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली यांचे वाफेवर चालणारे मानवरहित यंत्र मे १८९६ मध्ये पोटोमॅक नदीवर सु. एक किलोमीटर उडाले. तेथे उपस्थित असलेल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी त्याचे छायाचित्र घेतले व आपली साक्ष लिहून ठेवली. चौपाटीच्या कथेत उणीव आहे ती नेमकी अशा नोंदीची. मरुत्सखा पाऱ्याच्या आयन-एंजिनावर चालले, हे काहींचे म्हणणे तर भौतिकीच्या कसोटीवर टिकत नाही. अवकाशयानांसाठी अमेरिकेत विकसित झालेल्या एन्स्टार या आयन-एंजिनाचा कमाल रेटा सु. ०·०९ न्यूटन, म्हणजे सु. नऊ ग्रॅम वजनाएवढा आहे. असे एंजिन जमिनीवरून विमान उचलू शकत नाही.

या कथेशी वैमानिक शास्त्र या ग्रंथाचा संबंध जोडला जातो. पंडित सुब्बराय शास्त्री यांनी तो १९१८–२३ या काळात सांगितला व तो भरद्वाज ऋषींचा असल्याचे मानले गेले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्ये त्याची चिकित्सा केली. ग्रंथ १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही २०१५ च्या आरंभी मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि त्याच वर्षी तळपदे यांच्या जीवनावर आधारित हिंदी चित्रपटही आला.

अशा कथांची घडण इतरत्रही दिसते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने तबकडीच्या आकाराची विमाने बनविल्याची वदंता हे तिचे ठळक उदाहरण होय. अमेरिकेत १९४७ मध्ये ‘उडत्या तबकड्या’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यानंतर, १९५० मध्ये, इटालियन अभियंते जुझेप्पे बेल्लुत्झो व जर्मन वैमानिक रूडोल्फ श्रीव्हर यांनी अशा यंत्रांविषयी दावे केले. आराखडे चोरीस गेले वा नष्ट झाले, हे स्पष्टीकरण तेथेही पुढे आले. वास्तवात आर्टुर झाक यांचे वर्तुळाकार पंखांचे ए. एस.–६ हे छोटे विमान १९४४ मध्ये तयार झाले होते; पण त्याला खरे उड्डाण साधले नाही. दोन्ही ठिकाणी दावा उशिरा आला आणि पुराव्याची जागा पुराव्याच्या नाशाच्या कथेने घेतली.

कथा बाजूला ठेवली, तरी तळपदे यांचे महत्त्व उरतेच. विमान हे स्वप्न असताना त्याचा ध्यास घेणाऱ्या मुंबईतील जिज्ञासूंपैकी ते एक होते. त्यांच्या प्रत्यक्ष प्रयत्नांचा शोध जुनी वृत्तपत्रे, दफ्तरे व खाजगी संग्रह यांतून घेता येईल. सिद्ध न झालेल्या विक्रमाच्या आग्रहाने तो मागे पडतो.