यंत्रबुद्धीची अवजारे

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आजकाल पुष्कळ बोलले जाते. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मोबाइलवर उत्तर मिळते. रोगट पानाचे छायाचित्र पाहून यंत्र रोगाचे नाव सुचवते. पण अशी यंत्रबुद्धी जे कारागीर घडवतात, त्यांच्या हाती कोणती अवजारे असतात, हे आपण क्वचितच विचारतो. सुताराला जशी पटाशी आणि रंधा, तशी याही धंद्याची अवजारे आहेत. त्यांचा इतिहास सहा दशकांहून मोठा आहे, आणि चुकीचे अवजार निवडल्याची किंमत भल्याभल्या शहाण्यांनी मोजलेली आहे.

या विद्येचे नाव रूढ झाले ते १९५५ साली. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात पुढच्या उन्हाळ्यात भरवायच्या परिषदेचा प्रस्ताव जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिला, त्यात ते आले. १९५८ मध्ये मॅकार्थी यांनी लिस्प नावाची संगणकभाषा रचण्यास आरंभ केला. फोरट्रॅनसारखी आधीची भाषा प्रामुख्याने आकडेमोडीसाठी होती. लिस्प चिन्हांशी आणि याद्यांशी खेळण्यासाठी होती. कामाचे स्वरूप बदलले, म्हणून अवजार बदलले. हा झाला पहिला धडा.

दुसरा धडा स्टॅनफर्ड विद्यापीठात मिळाला. तेथे १९७० नंतरच्या काही वर्षांत मायसिन नावाची प्रणाली तयार झाली. रक्तातील संसर्ग कोणत्या जंतूमुळे झाला असावा आणि औषध कोणते द्यावे, हे ती सुमारे सहाशे नियमांच्या आधारे सांगे. मग तिच्या कर्त्यांच्या लक्षात आले की, जंतूंविषयीचे नियम बाजूला काढले, तरी नियम लावून निष्कर्ष काढणारा सांगाडा शिल्लक राहतोच. त्यांनी तो वेगळा केला, त्याला ‘रिकामी मायसिन’ अशा अर्थाचे ईमायसिन हे नाव दिले, आणि त्यात फुप्फुसाच्या तपासणीचे नियम भरून पफ नावाची दुसरी प्रणाली उभी केली. आपल्या शेतकरी बांधवांना हे नवे नाही. पाभर तीच, चाड्यात ज्वारी टाका, नाही तर हरभरा टाका. पाभर एक वस्तू आणि बियाणे दुसरी, हे ओळखणे या धंद्यात फार मोलाचे ठरले.

पुढे या पाभरीचाच मोह पडला. लिस्प भाषा वेगाने चालावी म्हणून खास तिच्यासाठीच संगणक बांधले जाऊ लागले. १९८० साली स्थापन झालेली सिंबॉलिक्स ही कंपनी त्यांत अग्रेसर. यंत्रे उत्तम होती, पण एकेकाची किंमत हजारो डॉलरच्या घरात, आणि ती इतरांच्या यंत्रांशी सहज जुळत नसत. इकडे साधे संगणक दरवर्षी स्वस्त आणि वेगवान होत होते. १९८७ च्या सुमारास या खास यंत्रांचा बाजार कोसळला, आणि ज्यांनी सगळे काम त्यांवरच उभारले होते ते अडचणीत आले.

त्याच वेळी अमेरिकेच्या नासा या अवकाशसंस्थेच्या ह्यूस्टन येथील केंद्रात काय चालले होते पाहा. तेथील मंडळींनी लिस्पमध्ये केलेले नमुने प्रत्यक्ष वापरात येईनात. कारणे तीन : साध्या संगणकांवर लिस्प सहसा मिळत नसे, साधने महाग होती, आणि दुसऱ्या भाषांतील कामाशी त्यांचा मेळ बसत नसे. तेव्हा १९८५ मध्ये त्यांनी सर्वत्र चालणाऱ्या सी या भाषेत स्वतःचे अवजार लिहिले. त्याचे नाव क्लिप्स. दिसायला साधे, पण खास यंत्रे संग्रहालयात गेली, तरी क्लिप्स आजही कोणालाही फुकट घेता येते.

आता अलीकडची हकिकत. उदाहरणांवरून आपणच शिकणाऱ्या यंत्रांचे युग आले, तेव्हा माँट्रियल विद्यापीठाचे थियानो हे अवजार गाजले. २०१५ च्या नोव्हेंबरात गूगलने टेन्सरफ्लो खुले केले. २०१७ च्या आरंभी फेसबुकने पायटॉर्च बाहेर आणले. त्याच वर्षी थियानोचे काम थांबवीत असल्याचे त्याच्या कर्त्यांनी जाहीर केले. जपानमधील चेनर या अवजाराचेही २०१९ च्या अखेरीस तेच झाले. चांगली अवजारेसुद्धा दहा वर्षे टिकतीलच असा भरवसा नाही.

यात आपल्या मराठीचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो पैशाचा आहे. आजची भाषायंत्रे मजकुराचे तुकडे पाडून वाचतात, आणि पुष्कळ ठिकाणी आकारणी तुकड्यांवर होते. संगणकाच्या नेहमीच्या साठवणीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागते, आपल्या ‘क’ ला तीन, तर ‘क्ष’ या जोडाक्षराला नऊ! २०२४ च्या मे महिन्यात ओपनएआय या कंपनीने स्वतःच एक नमुना दिला होता. एकाच मजकुराचे जुन्या पद्धतीने इंग्रजीत २७ तुकडे पडत, मराठीत ९६. नव्या पद्धतीने इंग्रजीत २४ आणि मराठीत ३३. म्हणजे अवजार बदलताच मराठी माणसाचा खर्च तिसऱ्या हिश्श्यावर आला. खेड्यातल्या शाळेसाठी कोणी असे साधन करू म्हणेल, तर हा फरक त्याला परवडण्या-न परवडण्याचा आहे.

म्हणून निवड करताना गाजावाजा ऐकून चालायचे नाही. मराठीचा आपला मजकूर देऊन अवजार पारखून घ्यावे. आपल्या जवळच्या साध्या यंत्रावर ते चालते का, उद्या ते बंद पडले तर आपले काम दुसरीकडे नेता येईल का, हेही विचारावे. पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये महाबर्ट हे मराठीचे प्रारूप खुले केले. मद्रासच्या आयआयटीतील एआय-फॉर-भारत या गटाने २०२३ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषांसाठी भाषांतराचे प्रारूप दिले. अशी खुली साधने आधी हाताळून पाहावीत.

आणि शिक्षकबंधूंनो, सर्वांत मोठी गोष्ट बियाण्याची. गावातील बोलीचे शब्द, पिकांची नावे, मुलांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची तपासलेली उत्तरे आपल्या वहीत आणि आपल्या संगणकावर साध्या मजकुराच्या रूपात जपून ठेवा. लिस्पची यंत्रे गेली, थियानो गेले, आजची अवजारेही उद्या जातील. पाभर मोडली तर सुताराकडून दुसरी करून घेता येते. घरचे बियाणे एकदा गेले, की ते कोणत्याही बाजारात मिळत नाही.