उपयोग काय? : स्पॅनिश विद्येच्या पाच शतकांची गोष्ट



भाषा आणि वाङ्मय हा विषय घेऊन मोठी पदवी मिळवावयास निघालेल्या मुलाला वा मुलीला आपल्याकडे एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. ‘याचा उपयोग काय?’ विषय मराठी असो, संस्कृत असो, की आणखी कोणता असो, प्रश्न ठरलेला. आज आपल्या देशात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिश भाषेची व वाङ्मयाची एम. ए. करता येते. तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला तर हा प्रश्न दुप्पट जोराने विचारला जाणार. विचारणाऱ्यांचा आम्हांला राग येत नाही. ज्यांना फी भरावयाची असते त्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकारही असतो. परंतु हा प्रश्न नवा नाही. स्पॅनिशपुरते बोलावयाचे तर तो पाचशे वर्षांपूर्वी एका राणीने विचारला होता, आणि त्या देशाने त्याला दोन अगदी निराळी उत्तरे दिली. त्या दोन उत्तरांची हकीगत आज आपणांसमोर मांडावयाची आहे.

पहिले उत्तर १४९२ सालचे. त्या वर्षाच्या आरंभी ग्रानादा पडले आणि स्पेनमधील शेवटचे मुसलमानी राज्य संपले. त्याच वर्षी यहुद्यांना देशाबाहेर घालविण्यात आले. ऑगस्टच्या ३ तारखेला कोलंबसाने पालोस बंदरातून शिडे उभारली. आणि त्याच महिन्यात सालामांका येथे अंतोनियो दे नेब्रिखा या पंडिताचे कास्तीली भाषेचे व्याकरण छापून झाले. युरोपातील देशभाषांपैकी एकीचे, छापून निघालेले असे पहिले व्याकरण म्हणून त्याचा मान आहे. नेब्रिखाने स्वतःच प्रस्तावनेत लिहून ठेविले आहे की, ग्रंथाचा नमुना राणी इसाबेलापुढे ठेविला तेव्हा तिने विचारले, याचा उपयोग काय?   उत्तर पंडिताने दिले नाही. जवळच असलेल्या आविलाच्या बिशपाने दिले. त्याचा आशय असा की, महाराणी परक्या लोकांना जिंकतील, त्यांच्यावर आपले कायदे लादतील. ते कायदे कळावयाचे तर त्या लोकांना आपली भाषा शिकावी लागेल, आणि ती या पुस्तकावरून शिकता येईल.

म्हणजे भाषेचा उपयोग राज्य करण्यासाठी! उत्तर चोख होते, आणि इतिहासाने ते खरेही करून दाखविले. आज सुमारे वीस देशांची राजभाषा स्पॅनिश आहे, त्याचे मूळ त्या जहाजांत आहे. परंतु येथे एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. जी भाषा समुद्रापलीकडे हुकूम सोडीत होती, तिला घरच्या विद्यापीठात मात्र आसन नव्हते. सालामांकाचे विद्यापीठ १२१८ सालचे. तेथे धर्म, कायदा, वैद्यक यांची चर्चा चाले, ती लॅटिनमध्ये. १६०५ आणि १६१५ साली ‘दोन किखोते’चे दोन भाग निघाले, सर्वांनी वाचले, पण हे पुस्तक घेऊन पदवीच्या परीक्षेला बसावे असे कोणाच्या मनात आले नाही. १७१३ साली भाषेची राजमान्य अकादमी निघाली व तिने सहा खंडांचा मोठा कोश केला. तरीही मातृभाषा ही शास्त्रीय अभ्यासाची वस्तू आहे ही कल्पना विद्यापीठात रुजावयाला एकोणिसावे शतक संपत यावे लागले.

दुसरे उत्तर त्या वेळी तयार होऊ लागले. ते देणाऱ्यांत एक स्त्री होती. मारिया गोयरी ही माद्रिदची मुलगी, जन्म १८७३ चा. तिने तत्त्वज्ञान व वाङ्मय या शाखेत नाव घालावयाचे ठरविले. त्या काळी स्पेनमध्ये स्त्रीला विद्यापीठात शिरावयाचे तर सरकारची खास परवानगी काढावी लागे. १८९२ साली तिला ती मिळाली, पण अटी घालून. तिने व्हरांड्यात उभे राहावयाचे नाही. आल्याबरोबर अध्यापकांच्या खोलीत बसावयाचे. अध्यापक वर्गावर निघाले की त्यांच्याबरोबर जावयाचे. आणि वर्गात मुलांपासून वेगळे बसावयाचे. या अटी पाळून तिने १८९६ साली पदवी घेतली. परवानगीची ही भानगड पुढे १९१० साली रद्द झाली.

१९०० साली मारियाने रामोन मेनेंदेझ पिदाल यांच्याशी लग्न केले. हे गृहस्थ तिच्याहून चार वर्षांनी वडील, आणि नुकतेच माद्रिद विद्यापीठात रोमान्स भाषाशास्त्राचे अध्यापक झालेले. लग्नानंतरचा प्रवास दोघांनी कोठे केला म्हणाल? ‘सिदचे काव्य’ हे स्पॅनिश वाङ्मयातील सर्वांत जुने महाकाव्य. त्याचा नायक हद्दपार होऊन ज्या वाटेने गेला, त्या वाटेने ही दोघे गावोगाव हिंडली. त्या प्रवासात २८ मे रोजी सूर्यग्रहण होते, ते पाहावयास ती ओस्मा गावी थांबली. तेथे एका परटिणीशी बोलणे निघाले. मारियाने तिला एक जुने कथागीत म्हणून दाखविले. परटीण म्हणाली, मला हे येते, आणि आणखीही पुष्कळ येतात. आणि ती गाऊ लागली. तिने गायिलेल्या गीतांपैकी एक ऐकताना मारियाचे कान टवकारले. गीतात एका राजपुत्राचे मरण होते. तो राजपुत्र म्हणजे दोन हुआन, राणी इसाबेलाचा एकुलता एक मुलगा, १४९७ साली ऐन तारुण्यात सालामांका येथे वारलेला! ते गीत कोणत्याही छापील संग्रहात नव्हते. कास्तील प्रांतात अशी जुनी गीते लोकांच्या तोंडी आता उरली नाहीत, असे विद्वान धरून चालले होते. इकडे एक परटीण चारशे वर्षांपूर्वीच्या राजपुत्राचा शोक गात कपडे धूत होती.

ज्या राणीने ‘उपयोग काय’ म्हणून विचारले, तिच्याच घरचे दुःख तिच्या प्रजेने त्या व्याकरण नसलेल्या बोलीत जपून ठेविले होते. या जोडप्याच्या पुढच्या सर्व आयुष्याचे काम त्या दिवशी ठरले असे म्हणावयास हरकत नाही. त्यांनी स्पेन, पोर्तुगाल, अमेरिका आणि १४९२ साली घालविलेल्या यहुद्यांचे वंशज जेथे जेथे होते तेथून हजारो गीते जमविली. लोकांच्या ओठांवर जे आहे तेही वाङ्मय आहे आणि हस्तलिखिताइतक्याच कसोशीने ते तपासले पाहिजे, हा त्यांचा सिद्धांत. हस्तलिखितांकडे मात्र त्यांनी दुर्लक्ष केले नाही. ‘सिदचे काव्य’ एकाच हस्तलिखितात उरले आहे, आणि त्याचेही पहिले पान गेलेले. पिदाल यांनी १९०८ ते १९११ या काळात त्याची मूळ संहिता, व्याकरण व शब्दकोश असे तीन खंड प्रसिद्ध केले. येथे आपल्याला राजवाड्यांची आठवण होते. १९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची जुनी संहिता छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. एकमेकांची ओळख नसलेली ही माणसे, पण काम एकाच जातीचे.

१९१० साली माद्रिदला इतिहास-संशोधन केंद्र निघाले आणि पिदाल यांच्या हाताखाली एक पिढी तयार झाली. त्यांपैकी तोमास नावार्रो तोमास यांनी १९३१ च्या सुमारास एक मोठे काम अंगावर घेतले. साऱ्या द्वीपकल्पाचा भाषिक नकाशा करावयाचा. पाचशेहून अधिक गावे निवडली. तरुण अभ्यासक वह्या घेऊन शेतकऱ्यांच्या दारी गेले आणि नांगराच्या प्रत्येक भागाला, भाकरीला, पावसाला ते काय म्हणतात हे ध्वनिचिन्हांत उतरवून घेऊ लागले. काम बहुतेक पुरे होत आले, आणि १९३६ च्या जुलैमध्ये यादवी युद्ध पेटले.

आनीबाल ओतेरो नावाचा अभ्यासक त्या वेळी पोर्तुगालच्या बाजूला काम करीत होता. त्याच्याजवळच्या वह्या पाहून पोलिसांना त्या ध्वनिचिन्हांत गुप्त लिपी दिसली. हेर म्हणून त्याला पकडले आणि त्याने काही वर्षे तुरुंगात काढली. शेतकऱ्यांचे शब्द लिहून घेतले, हा गुन्हा! १९३९ च्या हिवाळ्यात नावार्रो तोमास हद्द ओलांडून फ्रान्समध्ये गेले, तेथून न्यूयॉर्कला. नकाशाचे कागद त्यांनी बरोबर नेले. माद्रिदचे केंद्र मोडले. कोणी मेक्सिकोत गेले, कोणी उत्तर अमेरिकेत. ब्वेनोस आयरेसला या मंडळींनी १९२३ मध्येच एक भाषाशास्त्र संस्था उभी केली होती. मेक्सिकोत १९४० साली कोलेखियो दे मेहिको उभे राहिले. घर जळाले, पण विस्तव शेजाऱ्यांच्या चुलीत राहिला. नकाशाचे कागद पुढे स्पेनला परत आले. ओतेरोने तुरुंगातून सुटल्यावर काही वर्षांनी पुन्हा वही हातात घेऊन राहिलेली गावे पुरी करण्यास हात लाविला. १९६२ मध्ये नकाशाचा पहिला खंड निघाला. दुसरा निघालाच नाही. बाकीचा ऐवज अलीकडे संगणकाच्या द्वारे लोकांपुढे येऊ लागला आहे. मारिया गोयरी १९५४ साली वारल्या, पिदाल १९६८ साली, नव्याण्णवाव्या वर्षी.

आज स्पेनमध्ये मास्टरची पदवी वर्षा-दोन वर्षांत मिळते. विद्यार्थी सिद वाचतो, सेर्व्हांतेस वाचतो, मेक्सिकोची सोर हुआना, चिलीचा नेरुदा, कोलंबियाचा गार्सिया मार्केस वाचतो, आणि शेवटी एक प्रबंध लिहितो. ज्या देशांवर ती भाषा लादली गेली होती, त्यांनीच तिचे वाङ्मय मोठे केले, हे बिशपसाहेबांच्या हिशेबात नव्हते. कथागीतांचा पाठ समोर आला म्हणजे त्याला तो अभ्यासक्रमाचा एक भाग वाटतो. परंतु तो पाठ तेथे आला तो व्हरांड्यात उभे राहावयाची बंदी असलेल्या एका मुलीमुळे आणि एका परटिणीमुळे. आणि बोलींचा धडा आला तो तुरुंगात गेलेल्या एका वहीवाल्यामुळे.

आपल्याकडेही हे आसन फुकट मिळाले नाही. मुंबई विद्यापीठात देशी भाषांना स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानड्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घालणारे तेच. जात्यावरच्या ओव्या साने गुरुजींनी जमविल्या नसत्या, तर त्यांतल्या किती आज आपल्याला ठाऊक असत्या?

तेव्हा ‘उपयोग काय’ या प्रश्नाला आमचे उत्तर असे. नोकरीचा उपयोग आहे. शिक्षक लागतात, दुभाषे लागतात, ते खोटे नाही. परंतु ते बिशपाच्या उत्तराचे धाकटे भावंड झाले. खरा उपयोग हा की, ज्या समाजात असा अभ्यास करणारा कोणी असतो, त्या समाजातल्या परटिणीचे गाणे तिच्याबरोबर मरत नाही. पुढच्या खेपेस आपल्या घरातला कोणी मुलगा वा मुलगी असा विषय निवडील, तेव्हा प्रश्न जरूर विचारा. मात्र उत्तर ऐकावयास थोडे थांबा. आणि तोवर घरातल्या आजीला काय काय म्हणता येते, तेही एकदा विचारून, लिहून ठेवा.