कृश देहातील मेद : पुण्यातील एका वैद्यकीय संशोधनाचा इतिहास

सन १९८२ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेने पोषणविषयक नव्या कल्पनांचा परामर्श घेणारा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे संपादक डॉ. पां. वा. सुखात्मे. ‘लहान परंतु निरोगी’ हा सिद्धान्त मांडणारा डेव्हिड सेक्लर यांचा वादग्रस्त निबंध याच ग्रंथात आहे. मध्यम प्रमाणात खुरटलेली मुले ही रोगी नसून परिस्थितीशी जुळवून घेतलेली असतात, असे सेक्लर यांचे प्रतिपादन होते. डॉ. सी. गोपालन यांनी त्यास कडाडून विरोध केला. अशा मांडणीने उपासमारीस शास्त्राचे अभय मिळते, असा त्या विरोधाचा आशय होता. हा वाद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. परंतु दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासताच गृहीत धरली होती, ती अशी की लहान देह म्हणजे मोठ्या देहाचीच लहान प्रतिकृती. हे गृहीतक पुढे पुण्यातच, आणि तेही एका मधुमेहतज्ज्ञाच्या हातून, ढासळले. तो इतिहास येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे वैद्यकीय शिक्षण बडोद्यास झाले. ऑक्सफर्ड येथे काही काळ संशोधन करून ते पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात आले. तेथील मधुमेही रुग्ण पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील वर्णनाशी जुळत नव्हते. ते वयाने तरुण होते, आणि वजनाच्या कोष्टकानुसार पाहता त्यांतील पुष्कळांस स्थूल म्हणणे शक्य नव्हते. मात्र त्यांच्या पोटाचा घेर अंगाच्या मानाने अधिक भरे. या विसंगतीचे तयार उत्तर जेम्स नील यांच्या १९६२ सालच्या ‘काटकसरी जनुका’च्या कल्पनेत होते. १९९२ मध्ये हेल्स व बार्कर यांनी निराळे उत्तर सुचविले : दोष वंशात नसून गर्भावस्थेतील अपुऱ्या पोषणात आहे. याज्ञिकांनी हा दुसरा मार्ग धरला. के. ई. एम. मध्ये जन्मलेल्या मुलांची चौथ्या वर्षी तपासणी करण्यात आली. जन्मतः कमी वजनाच्या मुलांत, ग्लुकोज पाजल्यानंतरची रक्तशर्करा अधिक आढळली. हा निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

याहून मोठे कार्य १९९३ मध्ये सुरू झाले होते. पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत, गर्भधारणेच्या आधीपासूनच विवाहित स्त्रियांची नोंद ठेवणारा ‘पुणे मातृपोषण अभ्यास’ तो हाच. याज्ञिकांसमवेत साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल त्यात होत्या, आणि आहाराची व श्रमाची बाजू आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी पाहिली. या माता सरासरी २१ वर्षांच्या, सुमारे १५२ सेंटिमीटर उंचीच्या आणि अतिशय कृश होत्या. त्यांचा आहार दिवसाला सुमारे १८०० कॅलरींचा व ४५ ग्रॅम प्रथिनांचा होता. राव यांच्या २००१ सालच्या निबंधात बाळाच्या आकारमानाचा संबंध मातेच्या एकूण कॅलरींशी नव्हे, तर दूध, पालेभाज्या व फळे यांच्या सेवनाशी अधिक दिसून आला. पाणी वाहणे व शेतातील कष्ट यांचा भार जितका अधिक, तितके बाळ लहान, हेही त्यांनी पुढे दाखविले. माझ्या मते या अभ्यासाचा हा भाग सर्वांत मौलिक असून दुर्दैवाने सर्वांत कमी उद्धृत होतो.

अधिक गाजला तो २००३ चा निबंध. पुण्याच्या खेड्यांतील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. पण ही तूट देहभर सारखी पसरलेली नव्हती. इंग्रज बाळांच्या सरासरीपासूनचे अंतर प्रमाणविचलनाच्या एककांत मोजले, तर वजनात ते १.७४, पोटाच्या घेरात २.३८, आणि खांद्याच्या हाडाखालील कातडीच्या घडीत, म्हणजे मेदाच्या मापात, केवळ ०.५३ इतके होते. स्नायू आणि उदरातील अवयव यांची उणीव मोठी. मेद मात्र राखलेला. चरकसंहितेने अतिस्थूल व अतिकृश यांची गणना निंदित पुरुषांत दोन टोकांना केली आहे. येथे दोन्ही टोके एकाच नवजात देहात आढळली. तथापि ‘कृश-मेदस्वी’ या नावाने दिशाभूल होण्याचा संभव आहे. कातडीखालील हा मेद इंग्रज बाळांपेक्षा जास्त नव्हता, वजनाच्या मानाने जास्त होता. पुढे २००९ मध्ये पुणे व लंडन येथील बाळांची चुंबकीय प्रतिमांद्वारे तुलना झाली, तेव्हा लहान चणीच्या भारतीय बाळांच्या उदरात मेद प्रत्यक्षच अधिक असल्याचे दिसले.

प्रौढांविषयीचा पुरावा याज्ञिकांनी स्वतःच्याच देहातून दिला. २००४ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे व लंडनचे जॉन युडकिन यांचे चित्र छापून आले. दोघांचा देहभार-निर्देशांक एकच, २२.३; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयातील उद्वाहकाचे दार मिटण्यापूर्वी धावत जाऊन तो गाठणे, अशी मिस्कील कबुलीही त्यांनी दिली होती. जन्मतः स्वतःचे वजन कमी होते, याचाही उल्लेख त्यांनी केला. केत्ले यांच्या एकोणिसाव्या शतकातील गणितावर उभा असलेला हा निर्देशांक वजन मोजतो, घडण मोजत नाही, हे एका पानात इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी मांडले असेल. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने आशियाई लोकांसाठी २३ हा सावधगिरीचा अधिक खालचा आकडा सुचविला.

२००८ मध्ये या संशोधनास अनपेक्षित वळण मिळाले. सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, फोलेट मात्र पुरेसे होते. ज्या मातांत ब-१२ कमी व फोलेट अधिक, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक आढळला. गर्भवतींना फोलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचे धोरण देशभर चालू असता हा निष्कर्ष अडचणीचा होता. त्यावरून गोळ्या बंद कराव्यात असा अर्थ कोणी काढू नये. ब-१२ ची जोड हवी, एवढेच त्यातून निघते.

मराठवाड्याच्या अभ्यासकास हा विषय परका वाटू नये. १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्याने जे भोगले, त्या काळात गर्भात असलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून मधुमेहाच्या वयात आली आहे. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यातील गर्भांचा मागोवा रुग्णालयांच्या जुन्या नोंदींवरून घेता आला. बीडच्या ऊसतोडणी कामगार स्त्रिया गरोदरपणीही मोळ्या वाहतात. शोभा राव यांनी श्रम आणि बाळाचा आकार यांचा जो संबंध दाखविला, तो तपासण्यास याहून योग्य स्थळ शोधून सापडणार नाही, आणि अंबाजोगाईस १९७४ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

पुण्याच्या त्या सहा खेड्यांतील मुले अठरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांतील सुमारे निम्मी कमी वजनाची होती. तरीही मुलग्यांपैकी ३७ टक्के व मुलींपैकी १८ टक्के जणांची रक्तशर्करा मर्यादेबाहेर गेली होती. ‘लहान परंतु निरोगी’ या सूत्राची याहून कठोर परीक्षा संभवत नाही. त्यांच्यापैकी अनेकांना २०१२ पासून, आई-बाप होण्याच्या आधीच, ब-१२ व इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये देण्याचा प्रयोग सुरू झाला; त्यांच्या पहिल्या अपत्यांची जन्मकाळची मोजमापे घेण्याची योजना या प्रयोगातच अंतर्भूत होती.