बी म्हणजे बाप नव्हे

पुरुष बीज देतो, स्त्री क्षेत्र. संतती बीजाच्या गुणाची. हे मत हसण्यावारी नेण्याजोगे नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र, हा वाद सविस्तर मांडला आहे आणि संततीच्या गुणांपुरता कौल बीजाकडे झुकतो. शिवाय डोळ्यांची साक्षही त्याच बाजूची: शुक्र दिसते, स्त्रीबीज दिसत नाही. जेमतेम ०.१ मिलिमीटरचे ते बीज सस्तन प्राण्यात प्रथम हुडकले कार्ल फॉन बेअरने, १८२७ साली.

पण उपमा शेतीची, तर निवाडा गोंदिया जिल्ह्यातल्या मुर्री गावच्या धानकऱ्याकडेच द्यावा. धानाचा दाणा भरतो कधी? फुलातला पराग बीजांडाला मिळाल्यावर. रोपाचा कोंब त्या दाण्यात पेरणीआधीच घडलेला असतो. म्हणजे बी हा बाप नव्हे, बी हे अपत्य. बापाची बरोबरी परागाशी. नुसता पराग बांधीत उधळून कोणी धान पिकवले आहे?

शरीरातही क्रम हाच. बीजांडकोशातून सुटलेले स्त्रीबीज बीजवाहिनीत शुक्राणूला मिळते. दोघांची २३-२३ गुणसूत्रे एकत्र येतात. गर्भाशयात पोचतो तो तीन ते पाच दिवसांचा पेशीपुंज, आणि मग तो रुजतो. पऱ्हे एकीकडे टाकायचे, रोवणी दुसरीकडे करायची, हे गोंदियाला शिकवायला नको! गर्भाशयाला क्षेत्र म्हणा, खुशाल. आई म्हणजे केवळ गर्भाशय नव्हे.

ही परकी विद्या वाटते? मग चरकसंहितेचे शारीरस्थान उघडा. तिथे गर्भाचे काही अवयव मातृज, काही पितृज सांगितले आहेत. ती यादी आज टिकत नाही; मूल दोघांचे, हा सिद्धान्त टिकतो.

निर्णायक साक्ष मात्र या जिल्ह्याच्या रक्तातच आहे: सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. बाप निरोगी, एए. आई ग्रस्त, एसएस. त्यांचे प्रत्येक मूल वाहक, एएस. तो विकाराचा जनुक, एस, कोठून आला? बीज एकट्या बापाचे असते, तर तो यायलाच नको होता. दोघे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात ग्रस्त मुलाची शक्यता २५ टक्के. म्हणून लग्नाआधी रक्त दोघांचेही तपासायला सांगतात.

'नुसत्या उपमेवर एवढे रण कशाला?' कारण तिचे कैवारीच अडचणीच्या वेळी तिला सोडतात. मुलगा झाला की बीज थोर. मूल झाले नाही, किंवा मुलगीच झाली, की खोट क्षेत्राची. वास्तविक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांपैकी स्त्रीबीजात एक्सच असतो. मुलगा ठरवणारा वाय येतो तो फक्त बापाकडून. मुलगी होणे हा दोष नव्हेच. पण कैवाऱ्यांनी तो मानला, तर त्यांच्याच तर्काने बोल बीजाला लागायला हवा. तो आजवर कोणत्या घरात लागला, ते वाचकांनीच सांगावे.