सोर्स कोडची सूची : टॅग फाइल कशी सांभाळावी?

जाडजूड ग्रंथाच्या अखेरीस शब्दसूची असते. हवा तो शब्द कोणत्या पानावर आहे, हे तिच्यावरून चटकन कळते. हजारो फाइलींत विखुरलेल्या सोर्स कोडसाठी हेच काम टॅग फाइल करते. फंक्शन, क्लास, व्हेरिएबल यांची व्याख्या कोठे आहे याची नोंद तिच्यात असते. एडिटरमध्ये नावावर कर्सर ठेवून कळ दाबली की थेट त्या व्याख्येपाशी पोहोचता येते.

ही फाइल बनवणारा ‘सीटॅग्ज’ हा प्रोग्रॅम मूळचा बर्कली युनिक्सचा. त्याचे आद्य लेखक केन अर्नोल्ड. पुढे ‘एक्झ्युबरंट सीटॅग्ज’ लोकप्रिय झाले. त्याची ५.८ ही शेवटची आवृत्ती २००९ मध्ये आली. आता ‘युनिव्हर्सल सीटॅग्ज’ ही त्याची सुधारित शाखा वापरावी.

टॅग फाइलच्या प्रत्येक ओळीत नाव, फाइल आणि बहुधा ओळ क्रमांकाऐवजी शोधावयाचा मजकूर असतो. त्यामुळे वर चार ओळी वाढल्या तरी खूण चुकत नाही. नावे क्रमवार लावलेली असल्याने शोधही जलद होतो.

प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘सीटॅग्ज’ला कॅपिटल ‘आर’ हा पर्याय दिला की उपफोल्डरांसह सूची तयार होते. ‘व्हिम’मध्ये कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबल्यास व्याख्येकडे जाता येते, कंट्रोल आणि ‘टी’ने परतता येते. ‘ईमॅक्स’साठी फाइलचे स्वरूप वेगळे असते व ती ‘ईटॅग्ज’ने बनते.

खरा प्रश्न निगराणीचा आहे. फंक्शनचे नाव बदलले किंवा फाइल हलवली की जुनी सूची दिशाभूल करते. एकाच नावाची दोन फंक्शन्स असतील, तर भलत्याच जागी दुरुस्ती होण्याचा धोका असतो. म्हणून ‘गिट’च्या हुकमधून, म्हणजे प्रत्येक कमिट वा शाखाबदलानंतर, सूची आपोआप नव्याने बनवावी. बाहेरून आणलेल्या लायब्ररींचे व बिल्डचे फोल्डर वगळावेत. टॅग फाइल ‘गिटइग्नोर’मध्ये नोंदवावी, अन्यथा सहकाऱ्यांच्या बदलांशी ती वारंवार भिडते.

टॅग फाइल नावे ओळखते, अर्थ नव्हे. फंक्शन कोठून बोलावले जाते हे शोधण्यास ‘सीस्कोप’ उपयोगी पडते. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’वर आधारित साधने याहून अधिक जाणतात, मात्र त्यासाठी प्रत्येक भाषेचा सर्व्हर सतत चालू ठेवावा लागतो. जुन्या यंत्रावर अथवा दूरच्या सर्व्हरवर काम करताना एक साधी मजकूर फाइल आजही पुरेशी ठरते.