अडीच इंची कपलिंग

कॉव्हेंट्रीची हकिकत मी पहिल्यांदा वाचली ती इंजिनिअरच्या नजरेने. १४ नोव्हेंबर १९४०ची रात्र. जर्मन बॉम्बनी शहर पेटलेलं, पाण्याचे मुख्य नळ फुटलेले. शेजारच्या गावांतून बंब धावून आले, आणि त्यांतल्या काहींचे पाइप इथल्या हायड्रंटला बसेनात. कुठे गोल आटे, कुठे टोकदार आटे, कुठे आटेच नाहीत, दाबलं की बसणारा जोड. दोन सिस्टिम एकमेकींशी बोलाव्यात म्हणून मी रोज डोकं फोडतो, त्यामुळे मला वाटलं, हा तर आमचाच आजार. एक स्टँडर्ड ठरवा, विषय संपला.

पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं, की आटे हा त्यातला सोपा भाग होता.

ब्रिटनमध्ये तेव्हा सुमारे १,६०० अग्निशमन दलं होती. लंडनची गोष्ट वेगळी. तिथे १८६५च्या कायद्याने दल सार्वजनिक झालं होतं. बाकी इंग्लंडात मात्र १९३८चा कायदा येईपर्यंत गावाने बंब ठेवलाच पाहिजे अशी सक्तीच नव्हती. कायदा आला, पण जबाबदारी दिली ती छोट्या छोट्या नगरपालिकांना. प्रत्येकीचा बंब आपला, हुद्द्यांची नावं आपली, कवायत आपली. बंब हद्दीबाहेर गेला तर खर्च कोणी सोसायचा, यावरून शांततेच्या काळातही शेजाऱ्यांत भांडणं होत. आणि मोठ्या शहराची कुमक छोट्या गावात आली, तर हुकूम कोणाचा? सहसा गावच्या प्रमुखाचाच. मग त्याने जन्मात दोन गंज्या आणि एक कोठार विझवलं असलं तरी. (त्याची थट्टा करणं सोपं आहे. पण गावातल्या विहिरी आणि गल्ल्या त्यालाच ठाऊक असायच्या.)

या नगरपालिकांना आपणहून एकत्र या म्हणून सांगण्यात बरीच वर्षं गेली. १९४१च्या वसंतात प्लिमथ जळालं, तेव्हा सरकारचा धीर सुटला. गृहमंत्री होता हर्बर्ट मॉरिसन, लंडन काउंटी कौन्सिलचा माजी नेता. म्हणजे स्थानिक स्वराज्याच्या जोरावर मोठा झालेला माणूस, आणि त्यानेच मे महिन्यात संसदेतून कायदा करून घेऊन सगळ्या नगरपालिकांचे बंब काढून घेतले. १८ ऑगस्ट १९४१ला नॅशनल फायर सर्व्हिस उभी राहिली. आमच्याकडे दोन टीमचं कोड एकत्र करायला याहून जास्त वेळ लागलेला मी पाहिला आहे.

चाळिसेक विभाग पाडले, हुद्दे एक केले, कवायत एक केली. ब्रायटनजवळ सॉल्टडीनला समुद्रकाठचं एक ऐटदार हॉटेल ताब्यात घेऊन तिथे अधिकाऱ्यांचं कॉलेज काढलं. वेगवेगळ्या गावांचे अधिकारी एका वर्गात बसून एकच भाषा शिकू लागले. मला या सगळ्यात हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

दैव असं, की ही सेवा तयार झाली तेव्हा ब्लिट्झचे सर्वांत वाईट महिने सरले होते. तिची खरी परीक्षा पुढे झाली, १९४२मध्ये एक्सेटर, बाथ, यॉर्कवरच्या हल्ल्यांत आणि १९४४मध्ये उडत्या बॉम्बच्या वेळी.

बंब घेताना मॉरिसनने शब्द दिला होता, की युद्ध संपलं की दलं पुन्हा स्थानिक संस्थांकडे जातील. शब्द पाळला गेला, पण थोडा वाकवून. १९४७च्या कायद्याने १ एप्रिल १९४८पासून दलं परत गेली ती काउंट्यांकडे आणि मोठ्या शहरांकडे. १,६००च्या जागी दीडशेच्या आत उरली. ज्या छोट्या गावांनी आपला बंब विश्वासाने सरकारच्या हवाली केला होता, त्यांना तो परत मिळाला नाही. आग विझवण्याच्या दृष्टीने हे योग्यच झालं असं मी म्हणेन; पण त्या गावच्या नगरसेवकाला तोंडावर सांगायची वेळ आली असती, तर मी बहुधा घुटमळलो असतो.

दाबलं की बसणारं ते अडीच इंची कपलिंग मात्र ब्रिटनच्या बंबांवर आजही आहे.